चुलीचे तीन पत्ते

आईच्या पेटीतून तिचं स्वेटर काढायला गेले आणि तळाशी हाताला एक बसकी पितळी डबी लागली. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की चमच्याचं टोक घालून उचकावं लागलं. आत पत्त्यांचा जोड होता, पायजम्याच्या नाडीनं बांधलेला. मी तो नाकाशी धरला. हिंगाचा वास आला. चाळीस वर्षं होत आली तरी त्या पत्त्यांनी हिंग सोडला नव्हता. आमच्या घरी पत्ते कपाटात नसत, स्वयंपाकघरातल्या फळीवर मोहरीच्या आणि हिंगाच्या शेजारी असत. पुढे लोकांच्या घरचे कोरे, बिनवासाचे पत्ते हातात घेतले तेव्हा मला ते आजारी माणसाच्या जेवणासारखे वाटले.

तिथेच फरशीवर बसून मी ते मोजले. बावन्न भरले. त्यातले एक्कावन्न छापील, आणि एक चिडीची चौकी, म्हणजे किलवरची चव्वी, कोणाच्या तरी लग्नपत्रिकेतून कापलेली. तिच्यावर आईनं शाईनं चार चिड्या काढल्या होत्या, त्यातली एक जरा लठ्ठ. पाठीमागून पाहिलं की 'चि. सौ. कां.' एवढी अक्षरं दिसायची. त्यामुळे ही चौकी ज्याच्या हातात गेली, त्याचा एक पत्ता सगळ्यांना ठाऊक असायचा. तिचं नाव पडलं होतं 'नवरी'. नवरी आली की राव काका मान खाली घालून लाजल्यासारखं करायचे आणि डाव पाच मिनिटं पुढे सरकायचा नाही.

तेव्हा आम्ही रायपूरच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पेरूचं झाड. रविवारी दुपारची जेवणं आटोपली की पुढच्या खोलीत सतरंजी पडायची, आणि दिवेलागणीला ती झटकून गुंडाळली जायची. खेळणारे चौघे. बाबा. त्यांच्याबरोबर कामाला असलेले, भंडाऱ्याकडचे मेश्राम काका. गार्डाची नोकरी करणारे राव काका, जे मराठी तेलुगूच्या चालीवर बोलत. आणि इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे रायपुरी साहू काका, जे फारसे बोलतच नसत. खेळ तीन पत्तीचा, बूट चवन्नीची. म्हणजे प्रत्येक डावाला प्रत्येकानं आधी चार आणे मध्ये टाकायचे आणि मग पत्ते वाटायचे. एवढ्या पैशात कोणी बुडत नव्हतं आणि कोणी तरत नव्हतं.

बुडत होता तो आमचा किराणा. चौघांना दोनदा चहा आणि एकदा पोहे, त्यावर चण्याच्या रश्शाची तिखट तर्री. महिन्यातून चार रविवार, कधी पाच. मेश्राम काकांना हे कळत होतं. एका रविवारी ते जाताना कपाच्या बशीखाली नोट ठेवून गेले. पुढच्या रविवारी त्याच बशीत, त्याच घडीची ती नोट चहाबरोबर परत आली. घरी आलेल्याकडून चहाचे पैसे घ्यायचे तर मग दारावर पाटीच लावावी, असं आईचं म्हणणं. राव काकांनी सांगितलं की क्लबात प्रत्येक डावातून जागेवाल्यासाठी नाल काढतात, तसं करू. यावर बाबांचे कान लाल झाले. माझं घर काय अड्डा आहे, म्हणाले, आणि त्या दिवशी कोणाला धड खेळता आलं नाही.

तोडगा काढला तो न बोलणाऱ्या साहू काकांनी. त्या दिवशी वाटणी त्यांच्याकडे होती. त्यांनी चौघांना पत्ते टाकले आणि पाचवा हात, तीन पत्ते, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून उपडे ठेवले. सगळे पाहत राहिले तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "ये हाथ चूल्हा के आय, भाभी."

तेव्हापासून चूल खेळायला लागली. तिनं बूट टाकायची नाही, चाल करायची नाही, पत्ते पाहायचे नाहीत. आपापसात लढून शेवटी जो उरेल, त्यानं चुलीचे पत्ते उघडायचे. त्याचे भारी निघाले तर पैसे त्याचे, चुलीचे भारी निघाले तर सगळे पैसे या पितळी डबीत. डबीतून पुढच्या रविवारचे पोहे, साखर, चहापत्ती. चूल हरली तर पुढच्या रविवारी घरात जे असेल ते समोर येईल, आणि ते कुरकुर न करता खायचं. हा शेवटचा नियम आईचा होता, तो तिनं आतूनच सांगितला. दान नाही, वर्गणी नाही, नालही नाही. चूल खेळली, जिंकली किंवा हरली. बाबांचे कान पुन्हा कधी लाल झाले नाहीत.

त्या खोलीतली माझी वर्षं मला महिन्यांनी आठवत नाहीत, चुलीच्या नशिबानं आठवतात. चूल जिंकली त्या हिवाळ्यात तिवऱ्याची, म्हणजे लाखोरीची, कोवळी भाजी आणि तांदळाच्या पिठाचा गरम चीला, त्यावर सिलबट्ट्यावर वाटलेली टमाटरची चटणी. उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आणि कैरीचं पन्हं, काचेच्या ग्लासात. हरली तर फोडणीचा भात, नाहीतर नुसता चहा आणि कालच्या पोळीचा चिवडा. डाव चालू असताना आई बाहेर येत नसे. तिचा कान मात्र सतरंजीवर असायचा. स्टोव्हची फरफर, कांदा चिरल्याचा आवाज, मागे यार्डात डबे एकमेकांना लागल्याचा धडाका, आणि या सगळ्यातून तिला नेमकं ऐकू यायचं की आत्ता कोण पत्ते टाकून पॅक म्हणाला. मी शेजारी पाटावर बसून गणितं करायचे. आई पोह्यात मीठ टाकता टाकता पुटपुटायची, आता राव भाऊ फसते. आणि राव काका फसायचे.

डबी घेऊन मी उठले. आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती.

तिच्याबद्दल इथे सांगायला हवं. बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून ती माझ्याकडे, तेलीबांध्याच्या या फ्लॅटमध्ये राहते. राहते म्हणजे उतरली आहे, असं म्हणणं जास्त खरं. पहिल्याच महिन्यात साखरेच्या डब्याखाली एक पाकीट निघालं. त्यात दोन हजार रुपये, तिच्या पेन्शनमधले. मी ते तिच्या पेटीत परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा साखरेखाली. मी भांडले. मी काय खानावळ उघडली आहे काय, म्हणाले. ती शांतपणे म्हणाली की लेकीच्या घरचं फुकट कसं खाऊ, तिच्या आईनं खाल्लं नाही आणि तिच्या आजीनंही नाही. मी एकुलती एक आहे, हे तिच्या हिशोबात कुठे बसतच नव्हतं. दर एक तारखेला पाकीट यायचं. त्या पाकिटाइतकं वाईट मला तिच्या कोणत्याही बोलण्याचं कधी वाटलं नाही. आणि आता तिनं नवीनच काढलं होतं. संक्रांत झाली की वर्ध्याला भाच्याकडे जाते, तिकीट काढून दे. तिथलं तरी काय हक्काचं होतं, पण भाचा म्हणजे लेक नव्हे, एवढंच तिला पुरत होतं.

मी डबी तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं नाडी सोडली, पत्ते न पाहता अंगठ्यानं फर्रकन सोडून ऐकले, आणि विचारलं, "नवरी हाय काय त्यात?"

मी नवरी दाखवली. ती त्या लठ्ठ चिडीकडे पाहून हसली. या घरात ती मोकळं हसल्याचं मला आठवत नव्हतं. मग तिनं पत्ते बांधून ठेवले आणि शेंगांकडे वळली.

पण माझं डोकं वळलं ते आमच्या घरच्या पत्त्यांकडे. माझे यजमान अनिल यांना तीनेक वर्षांपूर्वी पोकरचा नाद लागला. एकाआड एक रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर डाव बसतो. खालच्या मजल्यावरचे वर्मा भैया, त्यांच्या बायको संगीता दीदी, नवा रायपूरहून गाडी हाणत येणारे अनिलच्या ऑफिसातले दोघे, आणि आम्ही. प्लास्टिकच्या रंगीत चकत्या, माणशी शंभराच्या आत हारजीत. खाणंपिणं मात्र शंभराच्या आत राहत नाही. आधी भजी होती, मग पनीर आलं, मग कोणीतरी बिर्याणीचं नाव काढलं, आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या तर फ्रीजच्या दारात मावेनात. मंडळी गेली की अनिल मोबाइलवर बिल पाहून धुसफुसायचे आणि मी म्हणायचे की मग सांगा ना त्यांना. वर्मा भैयांनी एकदा आपण होऊन म्हटलं होतं, हर बंदा दो सौ डाल देते हैं. अनिल लगेच म्हणाले, अरे छोडो यार. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकायला म्हणून मी 'प्रत्येकी दीडशे' असा मेसेज तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. बाबांचे लाल कान मला वारशात मिळाले असावेत. हा रविवारच बंद करावा, इथपर्यंत आमचं येऊन ठेपलं होतं.

डाव चालू असताना आई तिच्या खोलीत असायची, दार लोटून. लेकीच्या घरात पाहुणे आले म्हणजे आपण आत बसावं, अशा समजुतीनं.

डबी सापडल्यानंतरच्या रविवारी वाटणी माझ्याकडे आली. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि मध्ये पाच उघडे पडतात, दोन्ही मिळून जो तो आपला डाव जुळवतो. मी सहा जणांना दोन दोन पत्ते टाकले आणि सातवा हात स्वयंपाकघराच्या बाजूला, फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला. वर्मा भैयांनी विचारलं, ये किसका? मी सांगितलं, चूल का. मग सगळी रीत सांगितली, साहू काकांसकट. संगीता दीदींना ती इतकी आवडली की त्यांनी टेबलावर हात आपटला. अनिल माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून एक ओझं उतरलेलं मला दिसलं. मी आवाज जरा चढवूनच बोलत होते, हे खरं आहे. आईच्या खोलीचं दार मी सकाळीच सताड उघडं ठेवलं होतं, हेही खरं आहे.

पण पुढे जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. ते समजायला एक जुनं वर्ष सांगावं लागेल.

मी सहावीत होते तेव्हा बाबा आजारी पडले. काय झालं होतं ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि नंतर मी विचारलं नाही. खोलीत डेटॉलचा आणि मोसंबीच्या सालांचा वास भरून राहिला होता. पगार आधी अर्धा झाला, मग थांबला. रविवार मात्र थांबला नाही, कारण बाबांच्या आठवड्यात तेवढी एकच गोष्ट उरली होती. सतरंजी खाटेला लागून पडायची आणि बाबा कुशीवर वळून पत्ते धरायचे. आणि काय नवल, त्या वर्षी चूल जिंकायलाच लागली. डबी जड झाली. पोह्यांबरोबर तात्यापाऱ्यातल्या दुकानातून तुरीची डाळ आली, माझ्या वह्या आल्या, बाबांना ग्लुकोज आलं. मला वाटायचं, देवच आमच्या भिंतीला टेकून बसला आहे.

एका रविवारी आईनं मध्येच स्टोव्ह बंद केला. फरफर थांबल्यावर घर एकदम ऐकू येऊ लागलं. बाबा म्हणाले, पॅक. राव काका म्हणाले, पॅक. साहू काका, पॅक. आणि मग हळूच, जवळपास खोकल्यासारखं, मेश्राम काकाही म्हणाले, पॅक. तिघांनी पॅक म्हणणं हा खेळ असतो. चौथ्यानं म्हणायचं कारणच नसतं, तो तर उरलेला असतो. चौघेही उठले म्हणजे चुलीला पत्ते न उघडताच सगळं मिळतं. आईचा कान सतरंजीवर असतो, हे त्या भल्या माणसांच्या लक्षातच आलं नव्हतं. स्टोव्हच्या आवाजात सगळं खपून जाईल, असं त्यांना वाटलं.

आई बाहेर आली. त्या खोलीत, त्या वेळी, पहिल्यांदा. ती खाली बसली आणि तिनं मेश्राम काकांनी टाकलेले पत्ते उलटे केले. तीन गुलाम. तीन पत्तीत ट्रेल म्हणजे तीन सारखे पत्ते, तिच्यावर बहुतेक काही चालत नाही. माणसाला वर्षातून एकदा येते, आणि ते ती टाकून मोकळे झाले होते.

"मेश्राम भाऊ, गुलामाची ट्रेल कोनी पॅक करते काय?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. आईनं मधले पैसे दोन्ही हातांनी मध्येच सारखे केले, आणि तिचा आवाज जराही चढला नाही.

"चूल मागून नाही राहिली, भाऊ. खेळून राहिली. वाटा पुन्हा."

पुन्हा वाटले. चूल हरली. त्यानंतरही बरेचदा हरली. पुढच्या रविवारी समोर आला तो गूळ आणि मुर्रा, म्हणजे मुरमुरे, एका मोठ्या परातीत, आणि बिनदुधाचा चहा. मला लाज वाटली होती. वर्गातल्या कोणाला कळलं तर, असं वाटलं होतं. साहू काकांनी मुर्रा दोनदा मागून घेतला आणि म्हणाले, हव, चूल्हा हरे हे, त का होगे, म्हणजे चूल हरली तर काय झालं. खाटेवरून बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. होळीच्या सुमाराला ते कामावर जायला लागले. त्या परातीचा मला आज जेवढा अभिमान वाटतो तेवढा माझ्या कोणत्याही पंगतीचा वाटत नाही.

तर आमच्या टेबलावर चुलीचा तिसरा का चौथा डाव चालू होता. एकेक जण पत्ते टाकत गेला आणि शेवटी उरले वर्मा भैया. त्यांनी आपले पत्ते पाहिले, टोपलीला टेकलेल्या दोन पत्त्यांकडे पाहिलं, आणि मनाचा मोठेपणा दाखवत पत्ते उपडे सरकवून दिले. जाने दो, आंटी का हाथ है, म्हणाले. संगीता दीदींनी कौतुकानं मान हलवली.

चपलांचा आवाज आला. आई टेबलापाशी येऊन उभी होती. तिनं चष्मा वर सरकवला, वर्मा भैयांचे पत्ते उलटे केले, आणि दोन राजे वर आले.

"भैया, दो राजा कोई फेंकता है क्या?" ती म्हणाली. "चूल्हा माँग नहीं रहा है. खेल रहा है."

वर्मा भैया गोंधळून सॉरी आंटी, सॉरी म्हणत होते. आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे तिचा राग नव्हता. मग तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं, अनिलच्या आणि माझ्या मध्ये ठेवलं आणि बसली.

"माह्ये पत्ते आता मीच उघडीन," ती मला म्हणाली. "आंधळी खेळू खेळू कंटाळली चूल."

उघडले. हरली. पुढच्याही डावात हरली. पाच उघड्या पत्त्यांची भानगड तिला अर्ध्या तासात समजली आणि तासाभरात ती अनिलना सांगू लागली की तुमच्या कपाळावरची शीर उडते जावईबापू, पत्ते चांगले आले की. ती अगदी बरोबर होती. शेवटी एकदा तिला दुऱ्यांची जोडी लागली आणि बाकी कोणाला काहीच लागलं नाही, तेव्हा तिनं सगळ्या चकत्या कडेवर पोर घ्यावं तशा दोन्ही हातांनी ओढून घेतल्या. चकत्यांचे एकशे चाळीस रुपये झाले. ते पितळी डबीत गेले. पंधरा दिवसांनी, त्याच्या पुढच्या रविवारच्या डावाला पनीर नव्हतं, बिर्याणी नव्हती. एकशे चाळीसात बसतील एवढे आईचे चीले होते, टमाटरची चटणी, आणि चहा. नवा रायपूरच्या दोघांनी आठ आठ खाल्ले आणि कोल्ड्रिंकची आठवण कोणाला झाली नाही. त्या दुपारी मात्र चूल एकही डाव जिंकली नाही. डबी रिकामी राहिली. आईनं ती हलवून पाहिली आणि झाकण लावलं. दार लोटून ती खोलीत गेली नाही, वर्मा भैया जाईपर्यंत त्यांच्याशी वाद घालत बसली.

मग जानेवारीची एक तारीख आली. थंडी चांगली पडली होती, गच्चीवरून तेलीबांध्याच्या तलावावरचं धुकं दिसत होतं. मी चहाला उठले, आधण ठेवलं, आणि साखरेचा डबा उचलायचा धीर होईना. शेवटी उचलला. खाली काही नव्हतं. मी ओट्यावरची जागा हातानं चाचपून पाहिली, चहापत्तीचा डबा उचलला, मिठाचा उचलला.

आई मागे येऊन उभी होती, माझंच जुनं स्वेटर घालून.

"काय शोधून राहिली?"

मी काहीच नाही म्हणाले. तिनं फळीवरची पितळी डबी काढून माझ्या हातात दिली. रिकामी होती, हिंगाचा वास तेवढा आला.

"या खेपेले चूल हरली," ती म्हणाली. "आता जे असन तुमच्याकडं, ते खाईन. कुरकुर नाही करत."

आधण उकळायला लागलं होतं. मी त्यात साखर टाकली, किती टाकली ते कळलं नाही. मग विचारायचं नव्हतं तेच विचारलं, वर्ध्याच्या तिकिटाचं काय करायचं म्हणून.

तिनं माझ्या हातातली साखरेची वाटी काढून घेतली आणि झाकण लावून डबा जागेवर ठेवला.

"काहून?" ती म्हणाली. "हरलेला मानूस डाव सोडून गावाले जाते काय?"